बोसा नोव्हा, पण कॉम्प्युटरवरचा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इलेक्ट्रॉनिक बोसा नोव्हाच्या कंपायलेशन अल्बमबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या कलाकारांची गाणी निवडून एकत्र काढतात त्या अल्बमबद्दल, दोनच ओळी लिहिल्या होत्या, की असा अल्बम घेताना कव्हरवरचा समुद्र आणि सूर्यास्त बघू नका, आतली गाणी कुणी निवडलीत ते बघा. त्यावर इतकी पत्रं आलीत की हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. काही पत्रं जरा कापलीत, काही प्रश्न एकसारखेच होते ते एकत्र केलेत, आणि एका काकांनी चार पानं भरून झापलंय त्यांनाही उत्तर दिलंय.

प्रश्न: मला हे म्यूझिक जाम आवडतं पण नावं अजिबात कळत नाहीत. कुठे बोसा लिहिलेलं असतं, कुठे लाउंज, कुठे चिलआउट, कुठे नु-जॅझ. हे सगळं एकच का? आणि सुरुवात नेमकी कुठून करू?

एकच नाही, पण दुकानात एकाच खणात ठेवायचे त्यामुळे गोंधळ झालाय. बोसा नोव्हा ही रिओ द जानेरोची, १९५८ च्या आसपासची गोष्ट, कोपाकबाना-इपानेमाकडची समुद्राकाठची मध्यमवर्गीय पोरं, टॉम जोबिमच्या चाली, विनिसियस द मोराइसचे शब्द, आणि बाहियाहून आलेला जुआंव जिल्बर्तो नावाचा एक विक्षिप्त माणूस ज्याने सांबाचा सगळा ताफा गिटारच्या सहा तारांवर आणून ठेवला. लाउंज आणि चिलआउट ही नावं त्या मानाने फार नंतरची, आणि ती म्यूझिकपेक्षा ते कुठे वाजतं त्याबद्दल जास्त सांगतात. इबिझाच्या काफे देल मारचं पहिलं कंपायलेशन १९९४ चं, होसे पादियाने निवडलेलं, मग १९९९ ला पॅरिसहून ओतेल कॉस्त आणि बुद्धा बार आले आणि मग काय, प्रत्येक हॉटेलला वाटायला लागलं आपलीही सीडी हवी. या सगळ्यात बोसा मधेमधे डोकावतो, पण ते बोसाचे अल्बम नाहीत.

आता इलेक्ट्रॉनिक बोसा. गंमत म्हणजे यातला बराचसा ब्राझीलच्या बाहेर घडला. लंडनच्या क्लबांमधे डीजे लोक जुन्या ब्राझिलियन रेकॉर्ड वाजवायचे, त्यावर लोक नाचायचे, म्हणून जॉइससारख्या गायिकेला आणि मार्कोस वालीसारख्या संगीतकाराला तिकडे नव्याने श्रोते मिळाले, आणि त्यातूनच १९९४ ला लंडनमधे फार आउट हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, उभं राहिलं, त्यांनी १९९८ ला मार्कोस वालीचा नवा अल्बमच काढला. वॉशिंग्टनला थीव्हरी कॉर्पोरेशन, बर्लिनला जॅझानोव्हा, इटलीत बारीचा निकोला काँते, टोकियोत युनायटेड फ्यूचर ऑर्गनायझेशन, ही सगळी मंडळी साधारण एकाच काळात सॅम्पलर, म्हणजे जुन्या रेकॉर्डचे तुकडे उचलून वाजवायचं यंत्र, घेऊन बसलेली आणि सगळ्यांच्या कपाटात त्याच ब्राझिलियन रेकॉर्ड.

सुरुवात करायची तर मी १९९६ चा रेड हॉट अँड रिओ सांगेन. एड्सविरोधी कामासाठी पैसे उभे करायला काढलेला अल्बम, जोबिम १९९४ च्या डिसेंबरमधे गेले त्यानंतरचा, आणि त्यात एव्हरीथिंग बट द गर्लचं कोर्कोव्हादो आहे, जुआंवची एकेकाळची बायको आस्त्रुद जिल्बर्तो, तिच्याबरोबर जॉर्ज मायकल आहे, स्टिरिओलॅबबरोबर हर्बी मान आहे. सगळं इलेक्ट्रॉनिक नाही, काही गाणी तर मला पुळचट वाटतात, पण पुढच्या दहा वर्षांत जे काही झालं त्याचं बी यात दिसतं. याच्या निर्मात्यांपैकी एक बेको द्रानॉफ, त्यानेच पुढे ब्रसेल्सच्या क्रॅम्ड डिस्क्सबरोबर झिरिगिबूम नावाचं लेबल सुरू केलं. त्या लेबलचा ब्राझिल दोइस मिल हा दुसरा ऐका, तो जास्त खरबरीत आहे, बोसापेक्षा ब्राझीलच्या सगळ्याच नव्या आवाजांचा आहे. आणि मग बेबेल जिल्बर्तोचा तांतो तेंपो, २००० चा. हे कंपायलेशन नाही, मला माहितीये, पण त्यानंतरच्या कंपायलेशनमधे तुम्हाला जे ऐकू येतं त्यातलं निम्मं याच अल्बमची नक्कल आहे त्यामुळे मूळ ऐकलेलं बरं.

प्रश्न: मी साठ वर्षांपूर्वीचे बोसा नोव्हा ऐकत मोठा झालो आहे. तुम्ही ज्यांचे कौतुक करता त्यांनी त्या नाजूक गाण्यांची वाट लावली आहे. धाड धाड ड्रम मशीन घालून त्याला बोसा म्हणणे हा अपमान आहे. तुम्हाला यात काय दिसते ते एकदा स्पष्ट लिहा.

काका, नमस्कार. पत्र चार पानी होतं, त्यातला गाभा वर दिलाय, रागावू नका.

अर्धी गोष्ट मान्य आहे. वाईट रिमिक्स खंडीभर आहेत. पण 'नाजूक गाण्याला हात लावू नये' हे मात्र मान्य नाही, कारण ज्या गाण्यामुळे जगाला बोसा कळला तेच मुळात कापलेलं आहे. अमेरिकन सॅक्सोफोनवाला स्टॅन गेट्झ आणि जुआंव यांचा गेट्झ-जिल्बर्तो हा अल्बम मार्च १९६३ ला न्यूयॉर्कमधे रेकॉर्ड झाला, त्यात इपानेमाची मुलगी हे गाणं आधी जुआंव पोर्तुगीजमधे गातो, मग आस्त्रुद इंग्लिशमधे, आणि पाच मिनिटांच्या वर चालतं. १९६४ ला रेडिओसाठी सिंगल काढली तेव्हा जुआंवचा सगळा आवाज कापून टाकला. ज्याने ही शैली घडवली त्यालाच! ती सिंगल अमेरिकेत पाचव्या नंबरपर्यंत गेली. मग एडिट करणाऱ्या डीजेला आपण कुठल्या तोंडाने बोलणार.

दुसरं म्हणजे हे असलं भांडण ब्राझीलमधे आधीच होऊन गेलंय. जुलै १९६७ ला साओ पावलोमधे चक्क इलेक्ट्रिक गिटारविरुद्ध मोर्चा निघाला होता, गायिका एलिस रेजिना पुढे, गायक जिल्बर्तो जिल सुद्धा त्यात. आणि नारा लियांव, जिच्या कोपाकबानाच्या घरात बोसावाली पोरं जमायची, ती मोर्चात गेली नाही, गायक काएतानो वेलोझोबरोबर हॉटेलच्या खिडकीतून बघत उभी राहिली. पुढे तीनच महिन्यांत त्याच जिलने फेस्टिव्हलमधे इलेक्ट्रिक गिटारवाल्या पोरांना बरोबर घेऊन गाणं म्हटलं. तर सांगायचं काय, की वायर लावली म्हणून गाणं मरतं असं नाही.

मला यात काय दिसतं विचारलंत. बोसाकुकानोव्हा ऐका. रिओची तीन जणांची टीम, त्यातला मार्सियो हा रोबेर्तो मेनेस्कालचा मुलगा, आणि मेनेस्काल म्हणजे १९६२ च्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या बोसाच्या त्या प्रसिद्ध कार्यक्रमात वाजवलेला माणूस. २००१ च्या ब्राझिलिदाजी या अल्बममधे बाप स्वतः पोराबरोबर गिटार वाजवतोय, बीट कॉम्प्युटरचा, आणि मेनेस्कालच्या हातात कुठेही अवघडलेपणा नाही. बापाला अपमान वाटला नाही तर आपण का वाटून घ्यायचा.

आणि सुबा. मितार सुबोतिच, नोव्ही सादचा सर्बियन माणूस, १९९० च्या सुमारास साओ पावलोला गेला आणि तिथलाच झाला. तांतो तेंपोचा निर्माता तोच. त्या अल्बममधे बेबेलचा आवाज अगदी जवळ ठेवलाय, मागे यंत्रांचा आवाज आहे पण तो दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा, गाण्याच्या अंगावर येत नाही. नोव्हेंबर १९९९ ला सुबा त्याच्या स्टुडिओला लागलेल्या आगीत गेला, अवघा अडतीस वर्षांचा, अल्बम बाहेर आलेला त्याने पाहिलाच नाही. बेबेल जुआंवचीच मुलगी, त्यामुळे तिच्यावर तर घरातूनच दडपण असणार. तरी हे गाणं इतकं मोकळं आहे. तुम्ही एकदा हेडफोन लावून ऐका आणि मग पुन्हा चार पानं लिहा, मी छापेन.

प्रश्न: मी घरी बीट बनवते. बोसाचा लूप बनवायचा प्रयत्न करतेय पण तो लिफ्टमधल्या म्यूझिकसारखा वाजतो, जुन्या कीबोर्डवर बोसाचं बटण असायचं ना तसा. नेमकं काय चुकतंय?

हा माझ्या आवडीचा प्रश्न त्यामुळे जरा लांबेल.

कीबोर्डवरचं बटण वाईट वाजतं त्याचं कारण पॅटर्न चुकीचा असतो हे नाहीये, पॅटर्न बरोबरच असतो. सोळा खाने घ्या. रिमचा टक्का, म्हणजे ड्रमच्या कडेवरची काठी, १, ४, ७, ११, १४ वर. किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ वर. हाय-हॅट किंवा शेकर सोळाच्या सोळा खान्यांत. झाला बोसा, पुस्तकात हेच दिलेलं असतं. यातला १४ वा खाना महत्त्वाचा, तो १३ वर आणलात की लगेच क्यूबन क्लावे, म्हणजे क्यूबाचा ठेका, होतो आणि गाणं हवानाला जातं. पण ब्राझीलमधले वाजवणारे हा टक्का असा नियमासारखा धरून बसत नाहीत, फिरवतात, एखादा गाळतात, गाण्याच्या ओळीप्रमाणे उलटा करतात. तुम्ही तीन मिनिटं तोच ठेवला की लिफ्ट आलीच.

दुसरी चूक स्विंगची. जॅझसारखं वाटावं म्हणून लोक स्विंगचं बटण साठ टक्क्यांवर नेऊन ठेवतात. नका करू. बोसाचे ठोके सरळ असतात, जॅझसारखे लंगडत नाहीत. मग जिवंतपणा येतो कुठून, तर दोन गोष्टींतून. एक म्हणजे जोर, शेकरच्या चार ठोक्यांत एक-दोन ठळक आणि बाकीचे जेमतेम ऐकू येतील एवढेच. आणि दुसरी म्हणजे सांबामधे प्रत्येक चार ठोक्यांतला तिसरा आणि चौथा ठोका ग्रिडच्या, म्हणजे त्या समान अंतराच्या खान्यांच्या, किंचित आधी पडतो, फार नाही, काही मिलिसेकंद, पण त्याने अख्खा लूप पुढे झुकतो. हे हाताने सरकवा, प्रीसेट शोधत बसू नका.

पण खरी मेख गिटारमधे आहे. जुआंवच्या गिटारमधे अंगठा खालचा ठोका धरतो, सांबातल्या मोठ्या ढोलाचं म्हणजे सुर्दोचं काम, आणि बाकीची बोटं मिळून कॉर्ड तोडतात, तांबोरिम या सांबातल्या छोट्या ड्रमसारखी. म्हणजे गिटारमधे आधीच किकही आहे आणि टक्काही. आता त्याच्यावर तुम्ही पुन्हा किक आणि टक्का घातला की दोन माणसं एकच वाक्य एकदम बोलतात आणि दोघांचंही कळत नाही. त्यामुळे ठरवा. गिटार ठेवायची असेल तर ड्रम कमी, नुसता शेकर आणि कुठेतरी एखादी किक. ड्रम ठेवायचे असतील तर गिटारमधला अंगठा कापा. गिटारची खालची तार ८२ हर्ट्झला असते, म्हणजे थेट तुमच्या बेसच्या अंगणात, तिथे दोघं राहूच शकत नाहीत. साधारण १५० हर्ट्झच्या खालची गिटार उडवून बघा, लगेच जागा होईल.

टेंपोचंही गणित आहे. हळू बोसा असेल तर तो मिनिटाला ८०-९० ठोक्यांच्या डाउनटेंपोत, म्हणजे संथ इलेक्ट्रॉनिक म्यूझिकमधे, छान बसतो. जलद सांबा २/४ मधे ८५-८७ ला चालत असेल तर त्याची दुप्पट १७०-१७४, म्हणजे बरोब्बर ड्रम अँड बेस या जलद क्लब म्यूझिकचा वेग, त्यामुळेच साओ पावलोच्या डीजे मार्की, पातिफे वगैरे लोकांना ते इतकं सहज जमलं. मार्की आणि एक्सआरएसची एलके ऐका, जॉर्ज बेन आणि तोकिन्योच्या जुन्या गाण्याचं सॅम्पल, २००२ ला इंग्लंडच्या चार्टमधे सतराव्या नंबरला होती. १२४ च्या हाउस या डान्स म्यूझिकमधे मात्र बोसा बसवायला जीव जातो, गाणं ओढून ताणून त्या वेगाला आणावं लागतं आणि मग गायकाचा आवाज रबरासारखा होतो. जमलेली उदाहरणं आहेत, पण थोडी.

आणि शेवटचं, जुनं गाणं घेऊन रिमिक्स करत असाल तर गायकाला ग्रिडवर आणू नका प्लीज. जुआंव मुद्दाम गिटारच्या मागे रेंगाळायचा, मग एकदम पुढे पळायचा, गिटार मात्र जागची हलायची नाही. सॉफ्टवेअर त्या ओळी दिसल्या की सरळ करायला बघतं. सरळ केलं की गाणं संपलं. आवाजावर हॉलभर रिव्हर्बही, म्हणजे घुमणारा आवाज, नको, ही माणसं मायक्रोफोनच्या अगदी जवळ, व्हायब्रेटो न लावता म्हणजे सूर न थरथरवता, बोलल्यासारखी गायची, ते कानापाशीच राहू दे.

प्रश्न: रॉक बँडची गाणी बोसा स्टाइलमधे, पॉप गाणी बोसा स्टाइलमधे, ऐंशीच्या दशकातली गाणी बोसा स्टाइलमधे... असे शेकड्यांनी कंपायलेशन दिसतात. यांना परवानगी कोण देतं? आणि सगळे सारखेच का वाजतात?

परवानगी बहुतेक वेळा लागतच नाही, हीच तर गोम आहे. अमेरिकेच्या कायद्यात, एकदा गाणं रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की दुसरा कुणीही ते नव्याने गाऊन रेकॉर्ड करू शकतो, ठरलेली रॉयल्टी भरायची, मूळ चाल आणि गाण्याचा स्वभाव मोडायचा नाही, बस. २००६ पासून २०२२ पर्यंत हा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला दर कॉपीमागे ९.१ सेंट होता, आता थोडा वाढलाय. बाकी देशांत हे काम रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांकडून होतं. याउलट मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा वापरायचा असेल, रिमिक्स करायचं असेल, तर ज्याच्याकडे ते रेकॉर्डिंग आहे त्याची परवानगी हवीच आणि तो मागेल तेवढे पैसे.

म्हणून बघा, खऱ्या रिमिक्सचे अल्बम मोठ्या लेबलांकडूनच येतात. व्हर्व्ह या जुन्या जॅझ लेबलने २००२ ला व्हर्व्ह रिमिक्स्ड काढला, त्यात थीव्हरी कॉर्पोरेशनने केलेलं आस्त्रुदचं एक गाणं आहे, ते शक्य झालं कारण टेप त्यांच्याच कपाटात होत्या. छोट्या कंपनीला ते परवडत नाही, मग ती एक कीबोर्डवाला, एक गिटारवाला आणि हळू आवाजात गाणारी एक मुलगी घेते आणि कव्हर रेकॉर्ड करते. ब्वेनोस आयरेसच्या म्यूझिक ब्रोकर्सने २००५ ला रोलिंग स्टोन्सची गाणी घेऊन बोसा एन स्टोन्स काढला, तो धडाक्यात चालला, मग बॉब मार्ली आला, मग रांगच लागली.

सारखे वाजतात कारण एकच टेम्पलेट. गिटारचा एक पॅटर्न, शेकर, इलेक्ट्रिक पियानो, आणि गायिकेला सांगितलेलं असतं की झोप आल्यासारखं गा. मूळ गाण्यात राग असो, मस्ती असो, सगळ्याला तोच चेहरा. मी टर उडवतोय पण यात एक मस्त अपवाद आहे. फ्रान्सचे मार्क कोलाँ आणि ऑलिव्हिए लिबो यांचा नुव्हेल व्हाग, पहिला अल्बम २००४ चा. जॉय डिव्हिजन, द क्लॅश, डिपेश मोड असली काळीकुट्ट गाणी त्यांनी बोसात आणली, आणि गायिका अशा निवडल्या की ज्यांना ती मूळ गाणी माहीतच नाहीत. त्यामुळे त्या नक्कल करत नाहीत आणि टिंगलही करत नाहीत, समोर आलेले शब्द पहिल्यांदा वाचल्यासारखे गातात, आणि आपल्याला एकदम कळतं की अरे या गाण्याचे शब्द इतके भयानक आहेत. कव्हर करायचं तर हे असं, त्यात काहीतरी विचार दिसला पाहिजे.

प्रश्न: चांगलं कंपायलेशन ऐकायच्या आधी ओळखता येतं का? प्रत्येक वेळी पूर्ण ऐकायला वेळ नसतो.

बऱ्यापैकी येतं. कुणी निवडलं त्याचं नाव लिहिलंय का बघा. नाव असेल तर त्या माणसाने दुसरं काय निवडलंय ते बघा, कारण कंपायलर म्हणजे या अल्बमचा खरा गायक. प्रत्येक गाण्यापुढे कलाकाराचं नाव, मूळ वर्ष, कुठल्या लेबलकडून घेतलं ते दिलंय का बघा. शंभर गाणी आणि सगळ्यांपुढे एकाच कुठल्यातरी बोसा काफे किंवा बोसा बीच प्रोजेक्टचं नाव असेल तर सोडून द्या. सीडीच्या काळात ७४ ते ८० मिनिटंच मिळायची त्यामुळे निवडणाऱ्याला चौदा-पंधरा गाण्यांत थांबावं लागायचं आणि काय वगळायचं याचा विचार करावा लागायचा. आता कुणी थांबवतच नाही.

पहिलं गाणं इपानेमाची मुलगीच असेल तर माझा तरी उत्साह निम्मा होतो. चालीचा दोष नाही, निवडणाऱ्याच्या आळसाचा आहे.

प्रश्न: 'मिक्स्ड' आणि 'अनमिक्स्ड' यात कुठला घ्यावा?

मिक्स्ड म्हणजे डीजेने गाणी एकात एक मिसळून सलग केलेला, अनमिक्स्ड म्हणजे प्रत्येक गाणं सुटं. पार्टीला मिक्स्ड, बाकी कायम अनमिक्स्ड. बोसाची गाणी मुळात छोटी असतात, बरीचशी दोन-तीन मिनिटांत संपतात, आणि ज्या पद्धतीने संपतात त्यात मजा असते. डीजे ते शेवट खातो. शिवाय मिक्स्ड अल्बम स्ट्रीमिंगवर तुकडे होऊन येतो तेव्हा एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याला चिकटलेली असते, शफलवर लावलं की बघायलाच नको.

प्रश्न: जुआंव जिल्बर्तोचे पहिले तीन अल्बम मूळ रूपात मिळत का नाहीत म्हणतात? कंपायलेशनच का मिळायचं?

कारण त्या कंपायलेशनवरूनच भांडण झालं. १९८८ ला ईएमआयने ते तिन्ही अल्बम एकत्र करून ओ मितो या नावाने काढले, अमेरिकेत त्याचीच सीडी आली, अडतीस गाणी एकाच डिस्कवर कोंबलेली. गाण्यांचा क्रम बदललेला, आवाजावर रिव्हर्ब वगैरे संस्कार केलेले. जुआंव तो जुआंव, जो एसीचा आवाज आला तर कार्यक्रम थांबवायचा, त्याला हे सहन होणार होतं होय? त्याने कंपनीला कोर्टात खेचलं, आणि खटला वर्षानुवर्षं चालला, तेवढा काळ ज्या तीन अल्बमांपासून हे सगळं सुरू झालं तेच अल्बम बाजारातून गायब. २०१९ ला जुआंव गेला तोवर हे प्रकरण त्याच्या मागे होतंच. क्रम बदलला म्हणून कुणी कोर्टात जातं का असं एका वाचकाने उपहासाने लिहिलंय. जातं, आणि मला तरी ते बरोबर वाटतं, कारण तिसऱ्या अल्बमचं गाणं पहिल्याच्या मधे घुसवलं की माणूस तीन वर्षांत कुठून कुठे गेला ते ऐकूच येत नाही.

प्रश्न: नव्वदीतल्या एका जाहिरातीत पाण्याखाली जलपऱ्या होत्या आणि मागे एक मुलगी अर्धं इंग्लिश अर्धं पोर्तुगीज गात होती, बोसासारखंच काहीतरी पण बीट वेगळा. डोक्यातून जात नाहीये, कुठलं ते?

स्मोक सिटीचं अंडरवॉटर लव्ह. १९९७ ची लिव्हाइसची जाहिरात, गायिका नीना मिरांडा, बँड लंडनचा. नंतर ते इतक्या कंपायलेशनवर आलं की वेगळं शोधायची गरज नाही, त्या काळचा कुठलाही ब्राझिलियन चिलआउट अल्बम उघडा, बहुतेक सापडेलच.